कच्चं घर म्हणे!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातली दुपार होती. घरांची पाहणी करायला एक पोरगं आलं. हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र, तोंडाला रुमाल. ओसरीवर टेकलं, तांब्याभर पाणी प्यालं आणि म्हणालं, "बाबा, लई गार हाय हितं. एसी लावलाय का काय?" मला बरं वाटलं. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. भिंत कशाची? म्हटलं, कमरेएवढा काळा दगड, त्यावर पांढरीच्या मातीचे भेंडे. छप्पर? म्हटलं, धाब्याचं. सागाच्या तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर माती. त्यानं मोबाईलवर बोट टेकवलं आणि पुढच्या प्रश्नाला गेला. मी डोकावून बघितलं. 'कच्चे'.

"आरं पोरा," मी म्हटलं, "माजघराच्या चौकटीवर शके १८०४ कोरलंय, बघ जाऊन. म्हणजे इंग्रजी १८८२. माझ्या खापरपणज्यानं बांधलंय हे. आन् कच्चं?"

"बाबा, मी काय करू? ह्यात माती म्हटलं की कच्चंच येतं. दुसरं दाबताच येत नाही."

मग तो शेजारच्या घराकडं वळला. तेही माझंच. जुन्या गोठ्याच्या जागी १९९७ साली मी बांधलेलं, स्लॅबचं. तिथं त्यानं न विचारताच दाबलं, 'पक्के'. त्या पक्क्या घरात आम्ही पावसाळ्यात तीन बादल्या मांडून झोपतो. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळया उघड्या पडल्यात. दोन वर्षांखाली नातवाच्या पाळण्याशेजारी टोपलीभर प्लास्टर पडलं. देवाची कृपा, पोरगं त्या वेळी ओसरीवर होतं. कच्च्या घराच्या ओसरीवर.

त्या पोराशी माझं भांडण नाही. तो रोजंदारीवरचा गडी. भांडण आहे ते त्या शब्दाशी. ह्या एका शब्दानं आमच्या गावातली निम्मी जुनी घरं पाडली. आणि भांडण आहे ते आमच्या भावकीशी, शहरातून येणाऱ्या लाकूड घेणाऱ्यांशी, आणि थोडं माझ्याशीही. ते शेवटी सांगतो.

आमचं पुणतांबा गोदावरीच्या काठचं. आधी कोपरगाव तालुक्यात होतं, आता राहात्यात. चांगदेव महाराजांची समाधी आमच्याकडं, त्यामुळं वारकऱ्यांना गाव माहीत. नदीवर घाट आहेत, त्यातला एक अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेला. म्हणजे दगड घडवणारे, चुना मळणारे लोक आमच्या गावाला नवे नव्हते. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्याच काळात दौंड-मनमाड रेल्वेचं काम निघालं. लोकांना दुष्काळी काम म्हणून मातीकाम दिलं. १८७८ साली गाडी सुरू झाली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की खापरपणजा त्या मातीकामावर होता आणि घराचं सागवान पुढं ह्याच गाडीनं आलं. कागद काही नाही. पण दुष्काळातून वाचलेल्या माणसानं चार वर्षांत घर बांधायला घेतलं, तर ते कसं बांधलं असेल? ते घर मी तुम्हाला दाखवतो.

वाडा म्हणतो आम्ही, पण सरदारांचा नव्हे. कुणब्याचा वाडा. पूर्वेला तोंड. मोठा दरवाजा आणि त्यात वाकून जायची दिंडी. आतून लाकडाचा अडसर, भिंतीतल्या भोकातून ओढायचा आणि पलीकडच्या भिंतीत खुपसायचा. आत शिरलं की देवडी, मग चौक. चौकाच्या तिन्ही बाजूंनी खण. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आमच्याकडं घर खणात मोजतात, चौरस फुटांत नाही. समोर ओसरी, ओसरीच्या मागं माजघर, माजघराच्या एका कडेला देवघर, दुसऱ्या कडेला बाळंतिणीची खोली. उजव्या हाताला बैलांची दावण. बैल घरातच. रात्री बैलानं मान हलवली की घुंगराचा आवाज माजघरात यायचा आणि त्या आवाजावर आजा झोपेतसुद्धा ओळखायचा, कुठला बैल बसला आणि कुठला उभा आहे.

भिंत दोन हात रुंद. मातीनं बांधलेली म्हणून रुंद, आणि रुंद म्हणूनच उन्हाळ्यात गार. दिवसभराचं ऊन तिच्यातून आत यायला रात्र होते, तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. ही माती रानातली नाही. रानाची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते, तिची भिंत करणारा मूर्ख. पांढरीत शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती मिसळलेल्या असतात. ती मळली की चिकट होते आणि वाळली की भेगाळत नाही. धाब्यावर तीच पसरायची. पाणी वरून घरंगळतं, पन्हाळीतून चौकात पडतं, चौकातून दगडी मोरीनं बाहेर. धाब्यात एक साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. पावसात त्यावर दगडी झाकण सरकवायचं.

आता मुख्य गोष्ट. माजघराची मागची भिंत बाहेरून बघितली तर एक दिसते, पण ती आहे दोन. मधे अडीच हाताची पोकळी. ते बळद. धाब्यावरून, एका भोकातून, त्यात धान्य ओतायचं. आत खाली राख, मधे मधे कडुनिंबाचा पाला. भरलं की वरचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. काढायचं ते माजघरातल्या छोट्या खिडकीतून, पायलीनं मोजून. आणि परसात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, तोंड लहान आणि पोट मोठं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूसही विझतो, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी शिकवलेलं.

दुष्काळ बघितलेल्या माणसानं घर बांधलं ते असं. झोपायला जागा कमी आणि धान्याला जास्त. आम्ही त्याला अडाणी म्हणायचो. आता मला कळतं की ते घर नुसतं राहायचं नव्हतं. नांगर, पाभर जसं अवजार, तसं ते घर शेतीचं अवजार होतं. सुगीला भाव पडतो, हे त्यालाही माहीत होतं. ज्याच्या घरात बळद आहे तो वाण्याला म्हणू शकतो, "आज नाही देत. आषाढात या." ज्याच्या घरात बळद नाही तो खळ्यावरच माप घालतो. आजा सांगायचा की बळदाचं तोंड लिंपलं की घरातल्या कर्त्या माणसाचा आवाज बदलतो.

मग कालवे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वराच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे दोन कालवे काढले, त्यातल्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात आलं. बाजरी-ज्वारीच्या रानात हळूहळू ऊस उभा राहिला. १९५०-५१ ला प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला आणि नगर जिल्हा साखरेचा झाला. चांगलंच झालं. आमच्या बापानं पहिल्यांदा पायात बूट घातले ते उसाच्या पैशानं. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ऊस बळदात राहत नाही. तोडला की कारखान्याला गेलाच पाहिजे, तो म्हणेल त्या दिवशी, तो देईल त्या भावानं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या साली आजीनं बळदाच्या तळाला हात घालून शेवटची पायली काढली, ती मी बघितली. त्यानंतर ते बळद पुन्हा भरलं नाही. त्यात मोडके पाळणे, फुटक्या घागरी, जुनी पंचांगं साठत गेली. बळद रिकामं झालं त्या दिवशी निम्मं घर मेलं होतं, फक्त भिंती उभ्या होत्या.

उरलेलं निम्मं वाटणीनं मारलं. आजा गेल्यावर घर चुलत्यांत आणि बापात वाटलं, पुढं आमच्या पिढीत त्याचे चार हिस्से झाले. वाटणी खणावर झाली, दोन-दोन खोल्या प्रत्येकाला. चौक सामाईक, दरवाजा सामाईक, धाबंही सामाईक. आणि सामाईक म्हणजे कुणाचंच नाही. पूर्वी मृगाच्या आधी, रोहिणी लागल्या की घरातले सगळे बापे धाब्यावर चढायचे. गवत उपटायचं, जुनी सैल माती काढायची, खारी माती पसरायची, चोपण्यानं चोपायची, पन्हाळी साफ करायच्या. दोन दिवसांचं काम. वाटणीनंतर जो तो म्हणायला लागला, माझ्या डोक्यावर गळत नाही, मी का चढू? चार वर्षं कुणी चढलं नाही. धाब्यावर उंबर उगवला. पाचव्या वर्षी चुलत्याच्या बाजूचं एक खण अवकाळीत खाली आलं. लोक म्हणाले, जुनं घर, वय झालं, पडायचंच. वय काय करतंय? घर वयानं पडत नाही, वर्षातले दोन दिवस न दिल्यानं पडतं.

आणि आता सरकारी शब्दाची गंमत बघा. माती आणि न भाजलेली वीट हे सरकारी व्याख्येत कच्चं सामान. घरकुल मिळतं बेघराला किंवा एक-दोन खोल्यांच्या कच्च्या घरात राहणाऱ्याला. बरोबर आहे, ज्याच्या डोक्यावर ताडपत्री आहे त्याला मिळालंच पाहिजे, आधी मिळालं पाहिजे. पण वाटणी झालेल्या वाड्यातला वाटेकरी काय होतो? दोन खोल्यांच्या कच्च्या घरात राहणारा. मैदानी भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये, कमीत कमी २५ चौरस मीटर जागा. म्हणजे दोन हात रुंदीच्या भिंती पाडा आणि त्या जागी एका विटेच्या भिंतीची खोली बांधा, त्याला सरकार पैसे देतं. त्याच वाड्याचं धाबं दुरुस्त करायचं म्हटलं तर त्या रांगेत तुम्हाला जागा नाही. दुरुस्तीला दाबायचं बटणच नाही, त्या पोराच्या मोबाईलसारखं.

वर ड्रोन आलं ते वेगळंच. २०२० साली स्वामित्व योजना आली. गावठाणातल्या प्रत्येक मिळकतीची हद्द आकाशातून मोजायची आणि मालकाला कार्ड द्यायचं. त्यासाठी आधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या. योजना वाईट नाही. गावठाणातल्या घराला धड कागद नव्हता, तो होतो, कर्ज मिळू शकतं. पण आमच्या भावकीत तीन दिवस भांडण झालं की परसातून रेघ कुठनं न्यायची. ड्रोनला वरून धाबं दिसतं. बळद दिसत नाही, आणि एका तुळईचं एक टोक भावाच्या भिंतीत आणि दुसरं माझ्या भिंतीत आहे, तेही दिसत नाही. त्यानं त्याचा खण पाडला की माझी तुळई लोंबकळणार. हद्द जमिनीला असते, तुळईला नसते.

आता कुणी म्हणेल, म्हातारा जुन्याचे गोडवे गातोय. तर त्यांचंही ऐकून घेऊ. एक, भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हजारो माणसं गेली, ती अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली. ते खोटं नाही. पण तिथंच हेही दिसलं, की जिथं छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती ढासळल्या तरी कित्येक ठिकाणी छप्पर उभं राहिलं. नुसत्या ओबडधोबड दगडाच्या भिंतीवर धाबं टेकवणं आणि वर्षानुवर्षं जुनी माती न काढता नवी चढवत राहणं, ह्यानं घात केला. म्हणजे मातीचं घरही नीट बांधावं लागतं आणि त्याचं वजन आटोक्यात ठेवावं लागतं. स्लॅबचं नीट नको का बांधायला? माझं बघा की. मिस्त्रीनं रेती कुठली घातली, पाणी कुठलं वापरलं, सळईच्या खाली किती माल सोडला, मी काहीच बघितलं नाही. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. पंचवीस वर्षांत घर पिकलं. मातीच्या घरात चूक झाली तर ती मला दिसायची आणि मीच नीट करायचो. स्लॅबच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि फुटल्यावर माझ्या हातात काही राहत नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून अवघड. माझ्या थोरल्या बहिणीपुढं मी एकदा वाड्याचं कौतुक करत होतो. ती म्हणाली, "दादा, वाडा तुमचा बाप्यांचा. आम्हाला त्यातला धूर आठवतो." मी गप झालो. आईनं चाळीस वर्षं त्या माजघरात चुलीपुढं काढली. खिडकी नाही, एक साणं तेवढं. पहाटे अंधारात बाया नदीकडं जायच्या, कारण घरात बैलाला जागा होती, पण बायकांसाठी संडास नव्हता. आणि हे भेंडे कुणी पाडले? माती कुणी तुडवली? गावकुसाबाहेरच्या माणसांनी. त्यांनी भिंत उभी केली आणि मग त्याच भिंतीनं त्यांना ओसरीखाली उभं केलं. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओततानाचा आजीचा हात मी बघितलाय. वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी हे लिहिलं पाहिजे. नाहीतर ती आठवण नव्हे, जाहिरात.

पण ह्याला औषध वाडा पाडणं नाही. मी माजघराला दोन खिडक्या पाडल्या. भेंड्याच्या भिंतीत खिडकी पाडायला मला आणि भाच्याला दीड दिवस लागला. दावणीच्या जागी संडास-न्हाणी केली. चूल जाऊन गॅस आला. ओसरीवर आता कुणीही बसतं, चहा कपातूनच पितं. घर तेच आहे. मातीचं घर बदलता येतं. बदलायचं आपल्याला नको असतं, आणि दोष मातीला देतो.

आता लाकडाचे गिऱ्हाईक. शिर्डी आमच्यापासून पंधरा-सतरा किलोमीटर. तिथं हॉटेलं वाढली, पुण्या-नाशकाकडं रिसॉर्टं वाढली आणि आमच्या पट्ट्यात पिकअप गाड्या फिरायला लागल्या. खांब, तुळया, दरवाजे, तळखडे, जाती, उखळ, जे मिळेल ते. हे लोक भाषा गोड बोलतात. "काका, हा वारसा आहे. तुमच्याकडं कुजतोय, आम्ही जपू." मागं एका लग्नाला अशाच एका हॉटेलात गेलो होतो. जेवायला बसलो तर टेबल म्हणजे वाड्याचा दरवाजा, आडवा घातलेला, वर काच. कडी-कोयंड्यासकट. दारावर पान वाढलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. भिंतीला मातीच्या रंगाचं प्लास्टर होतं. आत एसी चालू. माझ्या घरात जी माती कच्ची ठरली, तिच्या नुसत्या रंगाला तिथं लोक पैसे मोजत होते.

पुण्यात विश्रामबागवाडा दुरुस्त करतात. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर उरलेली जोती आणि तट सांभाळतात. आमच्याच जिल्ह्यात, पारनेरकडं पळशीला पळशीकरांचा वाडा बघायला लोक जातात, लाकडावरचं कोरीवकाम बघून तोंडात बोटं घालतात. सगळं सांभाळावं, माझं म्हणणं नाही असं नाही. पण पेशव्यांचं आणि दिवाणांचं घर वारसा, आणि कुणब्याचं घर कच्चं, हा न्याय कुठला? त्यांच्या कोठारात धान्य जायचं ते आमच्या खळ्यातून.

आणि आता माझी चूक. १९९७ साली स्लॅबला पैसे कमी पडले तेव्हा वाड्याचा दिंडी दरवाजा मी विकला. अकरा हजार रुपयांना. आई बोलली नाही, फक्त त्या रात्री ओसरीवर येऊन झोपली. म्हणाली, दार नाही, राखण नको का? तिथं आता पत्र्याचं शटर आहे. म्हणून मी कुणाला शहाणपण शिकवायला लायक नाही, हे मला कळतं. पण खड्ड्यात पडलेला माणूसच खड्डा कुठं आहे ते नीट सांगू शकतो.

२०१७ साली आमचं गाव सगळ्या देशाला माहीत झालं. शेतकऱ्यांनी संपावर जायचं, हे आमच्या गावच्या ग्रामसभेत ठरलं आणि १ जूनपासून दूध, भाजीपाला शहराकडं जायचा थांबला. मीही होतो त्यात. आमची मागणी साधी होती. आमच्या मालाची किंमत समोरच्यानं ठरवू नये, आमचा खर्च धरावा. मग मला सांगा, दारात पिकअप आल्यावर आमची बोलती का बंद होते? घेणारा टेप लावतो, घनफूट मोजतो, आकडा सांगतो, आणि आम्ही माना डोलावतो. त्यात खापरपणज्याचे कष्ट धरले का? तेवढ्या जाडीचं, मुरलेलं सागवान आज बाजारात घ्यायला गेलं तर काय पडेल, ते धरलं का? कांद्याच्या लिलावात आडत्यानं असं केलं तर आम्ही रस्ता अडवतो. घराच्या लिलावात आम्हीच त्याला चहा पाजतो.

संपाच्या वेळी आणखी एक कळलं. चार-पाच दिवसांत लोकांचा धीर सुटायला लागला, कारण दूध थांबत नाही, टोमॅटो थांबत नाही. माल धरून ठेवण्याची ताकद ज्याच्याकडं असते त्याचाच संप चालतो. ती ताकद आमच्या घरात होती, भिंतीत होती. आता आम्ही हॉल, किचन, बेडरूम बांधतो. त्यात सोफ्याला जागा आहे, सोयाबीनच्या पोत्याला नाही. म्हणून सुगीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॉली मार्केटला. बळदानं सगळे प्रश्न सुटतील असं मी म्हणत नाही. कांदा बळदात सडतो, त्याला चाळच पाहिजे. पण हरभरा राहतो, गहू राहतो, ज्वारी राहते. मी गेल्या साली बळद साफ केलं, धुरी दिली आणि दहा पोती हरभरा ओतला. घरातले हसले. पण लग्नसराईत पैशाची ओढ लागली तेव्हा मी ठरवलं कधी विकायचं, आडत्यानं नाही. आजा म्हणायचा तसा आवाज बदलला का, ते बायकोला विचारावं लागेल.

तर माझं मागणं सांगतो. सरकारनं मोबाईलमधला तो शब्द बदलावा. घर कच्चं की पक्कं हे मालावरून ठरवू नये, ते गळतं का, हलतं का, त्यात उजेड आहे का, यावरून ठरवावं. जेवढे पैसे नव्या घरकुलाला देता, तेवढे नाही, निम्मे जरी जुनं मातीचं घर दुरुस्त करायला दिले तरी कितीतरी लोक पाडायचे थांबतील. इंजिनियर करणाऱ्या पोरांना सिमेंटबरोबर मातीही शिकवावी. आमच्या भागात धाबं घालणारा एखादा म्हातारा गवंडी उरलाय, तो गेला की विचारायचं कुणाला? शहरातल्या वाचकांना हात जोडून सांगतो, तुम्हाला आमचे खांब आवडत असतील तर बघायला या, मुक्काम करा, पैसे द्या, पण खांब गाडीत घालू नका. आणि गाववाल्यांनो, रोहिणीत दोन दिवस धाब्यावर चढा. एवढंच.

आमच्या घरात आता गोष्ट गळ्याशी आलीय. चुलत पुतण्याला त्याचे खण पाडायचेत. पोरगा वाईट नाही, त्याला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत, आणि गिऱ्हाईकानं त्याच्या खांब-तुळयांचे साडेतीन लाख सांगितलेत. त्याचे खण गेले की माजघराची भिंत उघडी पडते, बळद उघडं पडतं, दोन पावसाळ्यांत उरलेलं घर बसेल. मी त्याला म्हटलं, माझ्या रस्त्याकडच्या रानातलं दोन गुंठे तुला लिहून देतो, त्याचं काय करायचं ते कर, खण मला दे. आमच्याकडं रस्त्याकडच्या गुंठ्याला काय भाव आहे ते सगळ्यांना माहीत आहे. माझाच पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. "माती घेऊन जमीन देताय," म्हणाला. मी म्हटलं, "पोरा, तुझं लेकरू ओसरीवर होतं म्हणून वाचलं."

अक्षय तृतीयेला भावकीची बैठक आहे. काय ठरेल माहीत नाही. रोहिणी लागल्या की मी मात्र धाब्यावर चढणार आहे. खारी माती दोन ट्रॉल्या आणून परसात टाकलीय. गुडघे दुखतात, म्हणून शिडी धरायला कुणीतरी लागेल.